मगर ओरडते तोवर

मंगल वडूजकडच्या कोरड्या माळावरची, मेंढरं राखणारी. दरवर्षी आमचा ऊस तुटला की ती आणि तिचा नवरा धनाजी कृष्णाकाठच्या आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला यायची. बाई हाडापेरानं मजबूत आणि तोंडानं फटकळ. एकदा लांडग्यानं कोकरू धरलं, तेव्हा हिनं काठीच्या एका टोल्यात त्याचा जबडा मोडला. चहात साखर कमी आहे म्हणावं, तशा सुरात ती हे सांगायची.

रविवारी आमच्या सोप्यात टीव्हीवर जंगलातले साहसी सिनेमे लागायचे. त्यात लांडगा टेकडीवर उभा राहून चंद्राकडं बघत ओरडला की मंगल खो खो हसायची.

"आवं वैनी, असा वरडत बसला तर त्याला मेंढरू गावंल व्हय?" ती माझ्या बायकोला, विजयमालाला विचारायची. "लांडगा कवा आला, कवा गेला, कुत्र्यालाबी कळत न्हाई."

मगरीचा सिनेमा लागला की मात्र बाई गप्प. आधी ढोल वाजायचे, मग लाट उठायची, मग मगर वाघासारखी डरकाळी फोडून उसळायची आणि हिरो तिच्या पाठीवर बसून सुरा खुपसायचा. मंगल पदर दातात धरून बघायची. तिच्या माळावर प्यायला पाणी नाही, तिथं मगर कुठून दिसणार? असले सिनेमे काढणाऱ्यांना एकदा आमच्या नदीत गळ्यापर्यंत उभं केलं पाहिजे, असं मला आजही वाटतं.

लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, नाहीतर मातीनं कातर चालत नाही. मी बजावलं, "नदीत मगर हाय. टाकीवर धुवा."

"एवढी मेंढरं टाकीवर कवा धुवून व्हायची, आण्णा?" मंगल म्हणाली. "धनी कुराड घिऊन काठावर हुबं ऱ्हात्यात. आवाज आला की आमी भाईर."

आणि धनाजी खरंच दरडीवर कान देऊन उभा राहिला.

आवाज आला नाही. लाटही उठली नाही. मंगल गुडघाभर पाण्यात वाकून एका मेंढीचं पोट चोळत होती आणि पाण्याखालून मगरीनं तिचा उजवा हात कोपरापर्यंत जबड्यात घेतला. पहिल्याच हिसड्यात ती तोंडावर पडली. ओरडायला उघडलेल्या तोंडात पाणी भरलं. धनाजीला वाटलं, मेंढी निसटली म्हणून वाकली असेल. मग मगरीनं गिरकी घेतली. हाड मोडलेलं मी बांधावरून ऐकलं. बिथरलेली मेंढरं मंगलला तुडवत काठाकडं धावली, पाणी लाल झालं, तेव्हा कुठं धनाजीनं उडी टाकली.

तो मगरीच्या पाठीवर वगैरे बसला नाही. रडत, आईमाईवरून शिव्या देत कुऱ्हाड घालत राहिला. काही घाव पाण्यातच वाया गेले. एक नाकाडावर बसला, दात उडाले. शेवटचा डोळ्यात रुतला तेव्हा जबडा सुटला आणि मगर कुऱ्हाडीसकट खाली गेली. आम्ही मंगलला ओढून काढलं. हात नुसता कातड्याला लोंबत होता. सांगलीच्या डॉक्टरांनी तो खांद्याजवळून काढला.

पुढच्या वर्षी ती आता येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पण ऊस तुटला आणि मेंढरांमागं डाव्या हातात काठी घेऊन मंगल हजर. रविवारी सोप्यात येऊन बसली. टीव्हीवर नेमका मगरीचाच सिनेमा. ढोल सुरू झाले, मी रिमोट शोधू लागलो.

"ऱ्हाऊ द्या, आण्णा." तिनं रिकाम्या खांद्यावर पदर ओढून घेतला. "लांडग्याचं खोटं हाय ते मला कळत हुतं. मगरीचं मातुर खरं वाटलं, बगा."

पडद्यावर मगरीनं डरकाळी फोडली.

"वरडतीया तवर भ्या न्हाई," मंगल म्हणाली. तिची नजर टीव्हीवर नव्हतीच. अंगणात मेंढरांसाठी पाण्यानं भरलेली दगडी डोण होती, तिच्याकडं ती बघत होती. डोणीतलं पाणी अगदी शांत होतं.