फळीवरचा पंप

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोला एवढंच ठाऊक आहे की दुकानातल्या वरच्या फळीवरचा एक पंप मी विकत नाही. का, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

महाडात माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे, पंपही विकतो. सावित्रीला पूर आला की बाजारपेठेत पाणी शिरतं, म्हणून पावसाळ्याआधी सगळे माल माळ्यावर चढवतात. एका वर्षी मी आळस केला. होडीत साचलेलं पाणी उपसणारे, बॅटरीवर चालणारे छोटे पंप खोक्यासकट बुडाले. पाणी ओसरल्यावर इथे सगळे करतात तेच केलं – धुतले, उन्हात वाळवले, बादलीत चालवून पाहिले. चालले. पाण्यातच राहायची वस्तू, तिला पुराचं काय? असं मनाशी म्हटलं. पण पूर म्हणजे नुसतं पाणी नव्हे, गाळ, हे महाडच्या माणसाला कोणी शिकवायला हवं का?

दत्ता माझा मावसभाऊ, आंबेनळी घाटाखालच्या वाडीतला. मुंबईतली नोकरी सोडून त्याने समुद्रात न्यायची कयाक घेतली – निमुळती, आत पाय घालून पुढे-मागे दोघांनी बसायची. हरिहरेश्वरला पर्यटक फिरवायचे होते त्याला. डोंगरातला माणूस भात लावायचा सोडून वल्हं मारतो, म्हणून आम्ही चिडवायचो. तो हसायचा. इतका खूश मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता.

पंपाच्या बाबतीत मात्र तो फार चोखंदळ. वजनाला हलका हवा, पण लाटेने भरलेली कयाक झटपट रिकामी झाली पाहिजे; वल्हं सोडून हाताने उपसत बसलं की ती कलंडते. मी पंप सीटमागे तळाला बसवला, भोक न पाडता, चिकटवून. बॅटरी हवाबंद डब्यात ठेवली, पाइपाचं तोंड वर काढलं. काम मन लावून केलं. पण पंप? नवा मागवायला आठवडा लागला असता आणि त्याचे पर्यटक ठरले होते – नाही, हे कारण देत नाही. तो थांबला असता. मी पुरातलाच एक पुसून, कोऱ्या खोक्यात घालून त्याच्यापुढे उघडला.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एकदा लाट आत आली, त्याने बटण दाबलं, पंप नुसता घुरघुरला. कयाक उलटली. पुढे बसलेल्या पाहुण्यासकट दत्ताला मच्छीमारांनी ओढून काढलं. दोघं वाचले. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल!

दत्ता पंप घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘बघ रे जरा, काय झालंय ता.’’ तो बाहेर बाकड्यावर बसला. मी आत पंप उघडला – आतल्या फिरत्या दांड्याभोवती तांबडा गाळ सुकून दगड झाला होता. मी तो नळाखाली धुतला. सगळा. मग बाहेर येऊन म्हणालो, पंपाला काही झालेलं नाही, बॅटरीच नीट चार्ज नसणार.

त्याने लगेच मानलं. वाद घातला असता तर? पण तो मान खाली घालून म्हणाला, ‘‘दुसऱ्याचा जीव हातात घेऊन पाण्यात जायचा, नि मला बॅटरीचा भान नाय. माझ्याच्यान नाय व्हायचा हा धंदा.’’

त्याने कयाक विकली, पंप माझ्याकडेच राहिला. आता मुंबईत एका इमारतीच्या दारावर राखणीला बसतो. त्याची आई, माझी मावशी, म्हणते की तो गावी आला तरी नदीवर जात नाही, गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा बघतो. ते त्याला मी दिलं.

महाबळेश्वरला, सावित्रीच्या उगमाकडे, जोराचा पाऊस झाल्याची बातमी आली की मुंबईहून त्याचा फोन येतो. दर वर्षी.

‘‘माल वर चढवलास ना रे? तुझा लक्ष नसता.’’

मी म्हणतो, हो, चढवला. सगळ्यात आधी फळीवरचा त्याचा पंप माळ्यावर चढवतो. त्याला ते सांगितलेलं नाही.