आप्पा आणि मागचा टेम्पो

आमच्या शिरूरच्या सायकल ग्रुपची चार माणसं चहाला बसली, की सायकलबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. किती किलोमीटर, किती स्पीड, हे सगळं मोबाईलमध्ये असतं आणि ते कुणी उघडून बघत नाही. निघतात ते किस्से! मांडीत गोळा येतो तसे न बोलावता येतात, आणि एक आला की पाठोपाठ दुसरा येतोच.

मी दर वर्षी जाहीर करतो, की ही माझी शेवटची राइड. मला सायकल आवडत नाही, माझ्या शुगरला आवडते. तरी यंदाही गेलो. शिरूर, सणसवाडी, वढू, यवत, दौंड आणि न्हावऱ्यावरून परत शिरूर. अजून जिना उतरताना कठडा धरावा लागतो, म्हणून बसल्या बसल्याच सांगतो.

*

आमच्यात सगळ्यात वयस्कर आप्पा. कवठे येमाईचे. आयुष्यभर ऊस आणि कांदा केला, साठीनंतर गियरची सायकल घेतली आणि गियरला आजतागायत हात लावला नाही. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. तेव्हापासून घरात एकच वाद, सायकल बंद!

त्यांचा मुलगा संतोष. स्वतःचा टेम्पो आहे, आणि राइडला सामान घेऊन मागून येणारा टेम्पो त्याचाच असतो. जो दमेल तो टेम्पोत बसतो. त्यात लाज नाही, मी दर वर्षी बसतो.

यंदा निघताना संतोषनं सगळ्यांसमोर बापाला गाठलं. "आप्पा, शिरूरला परत येस्तवर टेम्पोत एकदा जरी बसलात, तर सायकल कायमची पोटमाळ्यावर. आईला तसा शबुद दिलाय मी."

"आन् न्हाई बसलो तर?"

"तर पुन्ना कवा इषय काढणार न्हाई."

आप्पांनी पायजम्याला क्लिप लावली, टोपी घट्ट केली आणि म्हणाले, "मग तू मागनं ये निवांत. तुझी सीट मोकळीच ऱ्हाणार हाय."

*

सणसवाडीत माझी कंपनी आहे. मी तिथं स्टोअर्सला आहे, इस्त्रीच्या शर्टात दिसणारा माणूस. आम्ही गेटसमोरून गेलो तेव्हा नेमकी शिफ्ट सुटत होती. मी घट्ट चड्डीत, डोक्यावर हेल्मेट, तोंड उघडं, जीभ बाहेर यायची बाकी!

आमच्या लोडिंगचा एक पोरगा बिहारचा आहे. तो धावत आला. "सर, गाडी बिक गई क्या?"

मी म्हटलं, नाही रे, हौस म्हणून. त्याला ते काही पटलं नाही. सुट्टीवरून कामावर गेलो तर युनियनचे दोघं माझ्या टेबलाशी येऊन उभे. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "साहेब, घरी काही अडचण असली तर मोकळेपणानं सांगा. आपण आहोत."

*

वढूच्या अलीकडे आप्पा थांबले. बाभळीला हात टेकवला आणि डोळे मिटले. मागं टेम्पो येताना दिसत होता.

आमच्यात नंदाताई म्हणून प्राथमिक शाळेच्या बाई आहेत. चौथीचा वर्ग सांभाळतात, त्यामुळे कशानंच दमत नाहीत. त्यांनी एकदम ओरडून सांगितलं, "पंक्चर! माझं पंक्चर झालंय! सगळे थांबा!"

सगळे थांबले, आप्पा सावलीला बसले. संतोषनं लांबूनच टेम्पो बाजूला घेतला. कशासाठी, ते कुणाला सांगावं लागलं नाही.

फक्त आमच्या लीडरला कुणी सांगितलं नाही! लीडर म्हणजे दातांचे डॉक्टर, गळ्यात शिट्टी. त्यांनी मनापासून ताईंचं चाक काढलं, ट्यूब काढली, कानाशी धरली, बाटलीतलं पाणी ओतून बघितलं. बिचारे घामाघूम.

"ताई, भोक सापडत नाहीये हो."

"शोधा डॉक्टर," नंदाताई शांतपणे म्हणाल्या. "अक्कलदाढेतली कीड सापडते तुम्हाला. हे काय मोठं?"

संध्याकाळी वढूला समाधीवर डोकं टेकवून बाहेर आल्यावर मी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना धाप लागली, तेव्हा पहिलं पंक्चर डॉक्टरांचं झालं.

*

यवतच्या बाजूला एका पारावर एक म्हातारे बसले होते. आम्हाला हात करून थांबवलं.

"कशाचा मोर्चा हाय?"

"मोर्चा नाही बाबा. सायकलवर फिरतोय."

"मागणी काय हाय मग?"

"काही मागणी नाही."

त्यांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. उन्हानं सोललेली नाकं, मिठाचे डाग पडलेले शर्ट, आणि मी तर त्यांच्या पायाशीच फतकल मारलेली. "मागणी न्हाई, तर कशापायी हाल करून घेताय जिवाचे?"

 तीन वर्षं झाली, त्याचंच उत्तर मी शोधतोय.

*

पुढच्या गावात कुणीतरी आधीच फोन केलेला. ग्रामपंचायतीसमोर मंडप, सरपंच, शाल, नारळ. भर दुपारी उन्हात शाली पांघरून आम्ही खुर्च्यांवर ओळीनं बसलो. माझी पाठ म्हणत होती, आडवा हो. आणि भाषणं सुरू झाली.

पहिल्या भाषणात आप्पांची मान कलली. दुसऱ्यात ते चक्क घोरायला लागले! सरपंच हळूच म्हणाले, "आप्पांचं ध्यान लागलं जणू."

संतोष मंडपाबाहेर टेम्पोला टेकून उभा होता. त्याला तिथून फक्त शाल दिसत असणार. सत्काराला टेम्पोचा नियम लागू नव्हता.

तिसरं भाषण संपलं. सूत्रसंचालक आभार मानायला उठले, तेवढ्यात नंदाताई माइकपाशी गेल्या. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, मागच्यांना जेवणाचा वास येत होता. ताई हात जोडून म्हणाल्या, "गावातल्या आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर आमची ऐकायची तयारी आहे."

पाच जण उठले!

*

दौंडला लॉजवर पोचलो तेव्हा बोलायचंही त्राण नव्हतं. घरून फोन आला.

"कसे आहात?" बायकोनं विचारलं.

"मजेत."

"मग आवाज असा का येतोय? काय करताय?"

"पलंगावर चढतोय."

"अहो, किती उंच पलंग आहे तो?"

पलंग गुडघ्याएवढाच होता. पण ते सांगून काय उपयोग?

*

आता शेवटच्या दिवसाचं सांगतो.

सकाळी दौंडला लॉजच्या अंगणात संतोष सगळ्यांच्या सायकली घेऊन बसला होता. प्रत्येक चाक फिरवून, दाबून बघितलं. ज्यांच्या टायरची शंका आली त्यांना नव्या ट्यूब घातल्या, पंपानं हवा मारली.

"काय पण पंक्चर होत्यात तुमची!" हात पुसत तो म्हणाला. "उसाच्या ट्रॉलीला अख्ख्या सीझनमदी होत न्हाईत एवढी. आता शिरूरपत्तुर एक बी व्हणार न्हाई. माझी ग्यारंटी."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. संपलं! आता पंक्चर म्हणायची सोयच उरली नाही.

आणि त्या दिवशी वारा समोरून. उसाचे ट्रॅक्टर धूळ उडवत जात होते आणि आम्ही रांगत होतो. न्हावरं यायच्या आधी आप्पा उतरले. सायकल हातात धरून थोडे चालले, मग ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले. ओठ कोरडे पडले होते. डॉक्टरांनी नाडी बघितली. म्हणाले, "नाडी ठीक आहे. दमलेत. बराच वेळ विश्रांती हवी."

टेम्पो आला. आप्पांनी मुलाकडे बघितलं नाही, टेम्पोच्या सीटकडे बघितलं. मग सायकलच्या हँडलवरून हात फिरवला. मला फार वाईट वाटलं. नंदाताईंनी आपल्या सायकलचं चाक दाबून बघितलं, हवा गच्च होती.

संतोष खाली उतरला. बापाकडे न बघता टेम्पोच्या मागं गेला आणि चाकाला लाथ मारली.

"च्यायला, मागचं चाक गेलं," तो म्हणाला. "टायम लागंल. बसा समदी सावलीला."

आम्ही आप्पांना लिंबाखाली आणलं. ते आडवे झाले, टोपी तोंडावर घेतली. संतोषनं जॅक लावला, नट सैल केले, चाक काढलं. मी शेजारीच उभा होतो. चाक टणक होतं. मग त्यानं स्टेपनी ओढून काढली, बसवली, जॅक खाली केला, आणि टेम्पो एका अंगाला बसला. स्टेपनीत हवाच नव्हती!

संतोषनं माझ्याकडे बघितलं. मी शेताकडे बघितलं. त्यानं पुन्हा जॅक चढवला, स्टेपनी काढली आणि तेच पहिलं चाक सावकाश, एकेक नट पुसून पुसून, परत बसवलं. डॉक्टर शेजारी पाना धरून उभे होते. त्यांनी या वेळी काहीही विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं आप्पा उठून बसले. पाणी प्यायले.

"काढलं का रं पंक्चर?"

"काढलं."

"मग चला की. ऊन वाढतंय."

आप्पा सायकलवरच शिरूरला पोचले. टेम्पोत मी बसलो होतो, दर वर्षीप्रमाणे. पुढं त्यांची टोपी हलत होती आणि संतोष पहिल्या गियरमध्ये तिच्या मागं मागं. शेवटी गाव दिसायला लागलं. तेव्हा तो आरसा नीट करत म्हणाला,

"सर, पुढल्या वर्सी निघायच्या आदी स्टेपनीत हवा भरून घ्याया पायजे."