ताईंची ड्रॉइंग माझ्या नावावर

वाळूजच्या आमच्या छोट्या कारखान्यात लिनक्सचा सर्व्हर बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डिझाइन विभागातल्या माझ्या सीनियर ताईंची आणि माझी ड्रॉइंग एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि तो फोल्डर साहेबांच्या केबिनमधल्या नव्या कॉम्प्युटरवर उघडायला हवा, एवढंच. मला हातात पेन्सिल देऊन ड्रॉइंग शिकवलं ते ताईंनीच. बिडकीनच्या नव्या युनिटला डिझाइन कोण बघणार, हे साहेब सोमवारी ती ड्रॉइंग पाहून ठरवणार होते.

शनिवारी केबिनमध्ये फोल्डर उघडला. फाइल कोणाची हे सांगणाऱ्या रकान्यात ताईंच्या सगळ्या ड्रॉइंगपुढे माझं नाव, आणि माझ्या चार-दोन ड्रॉइंगपुढे त्यांचं. ताई मागेच उभ्या होत्या.

"लई हुशार झालास रं," एवढंच म्हणाल्या आणि डबा घेऊन दुसरीकडं जेवायला गेल्या.

माझं डोकंच चालेना. सर्व्हरवर जाऊन पाहिलं, तर तिथं ज्याचं त्याच्या नावावर. केबिनमध्ये आलो की उलटं. केबिनमधल्या कॉम्प्युटरची त्या फोल्डरशी असलेली जोडणी काढून पुन्हा जोडली, तीनदा. फाइल एकच आणि दोन खोल्यांत तिचे धनी दोन, हे कसं काय? सर्व्हरला लाथ घालायची तेवढी राहिली.

रविवारी मी राहतो त्या बजाजनगरात पाण्याचा टँकर आला. त्या वर्षीच्या दुष्काळात दोन गल्ल्यांना मिळून एकच टँकर, म्हणून दोन्हीकडचे ड्रम एका रांगेत. ड्रमवर ऑइलपेंटनं नंबर, नाव कुणाचंच नाही. माझा ड्रम मागच्या गल्लीतल्या एक मावशी ओढू लागल्या.

"चार नंबर माझाच हाय," त्या ठाम होत्या. खोटं नव्हतं. त्यांच्या गल्लीत चार नंबर त्यांचाच होता, आमच्या गल्लीत माझा.

ड्रम तिथंच सोडून मी कारखाना गाठला. सर्व्हर फाइलवर नाव लिहीतच नव्हता, नुसता खात्याचा नंबर लिहीत होता, आणि तो नंबर खाती उघडली त्या क्रमानं पडतो. सर्व्हरवर पहिलं खातं मी ताईंचं उघडलं होतं, त्यांचा मान म्हणून. केबिनमध्ये मात्र घाईत आधी माझंच. पहिला नंबर सर्व्हरवर त्यांचा, केबिनमध्ये माझा, आणि प्रत्येक कॉम्प्युटर त्या नंबरापुढे आपल्याकडचं नाव दाखवत होता. दोन्हीकडं नंबर सारखे केले आणि नावं जागेवर आली.

सोमवारी सकाळीच ताईंना ड्रमसकट सगळं सांगितलं.

"आन् मी दोन दिस तुला चोर समजले," म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. बिडकीनला त्याच गेल्या.

एक गोष्ट मात्र मी त्यांना अजून सांगितलेली नाही. शनिवारी ती यादी उघडली तेव्हा, ताई मागं उभ्या आहेत हे कळायच्या आधी, ओळीनं माझं नाव वाचून मला बरं वाटलं होतं.