चष्मा घातलेली शेळी

माझी शाळेची पुस्तकं सोडली, तर आमच्या घरात छापील म्हणाव्यात अशा तीनच वस्तू होत्या. भिंतीवरचं कॅलेंडर, रेशनकार्ड आणि लाइटबिल. तिन्ही वाचायचं काम वडिलांकडे, कारण सातवीपर्यंत घरात तेवढेच पोचले होते. साताऱ्याकडच्या आमच्या रानात पोटापुरती बाजरीसुद्धा येईना, म्हणून ते सांगलीजवळ कुपवाडला एका छोट्या वर्कशॉपात लेथ मशीनवर लागले आणि आम्ही पत्र्याच्या एका खोलीत राहायला आलो. आई सांगलीत हळदीच्या गोदामात हळकुंडं निवडायला जायची. संध्याकाळी परतायची ती बोटांपासून कोपरापर्यंत पिवळी होऊन. वर्षभर नवरीसारखी दिसायची, वरात तेवढी सिटी बसने यायची.

दोघांचं एकच होतं, पोरगी शिकली पाहिजे. आणि पोरगी, म्हणजे मी, तिसरीच्या वर्गात सगळ्यात हुशार होते. निदान तसा सगळ्यांचा समज होता. बाईंनी धडा दोनदा वाचून दाखवला की मला पाठ व्हायचा. मग पुस्तक समोर धरून, मान डोलवत, मी तो घडाघडा म्हणायची. मला वाचताच येत नव्हतं, हे फक्त मला ठाऊक होतं आणि मी ते कुणाला सांगणार नव्हते.

पाठांतरात पहिली आले म्हणून बाईंनी मला गोष्टीचं पुस्तक बक्षीस दिलं. कव्हरवर छत्री घेतलेली शेळी आणि तिच्या डोळ्यांवर चष्मा. शेळीला चष्मा कशाला लागतो, हे मला कळेना.

मी पान उलटणार, तोच आबांनी, म्हणजे वडिलांनी, पुस्तक काढून घेतलं.

"मळंल. बक्षिसाचं हाय."

आईच्या लग्नातल्या साडीची प्लॅस्टिकची पिशवी होती, तीत ते घातलं आणि देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवलं. आल्यागेल्याला ते खालूनच दाखवायचे. पाहुणे मान वर करून बघायचे. एक म्हातारे तर त्यालाच हात जोडून गेले, देव खालच्या फळीवर ताटकळत राहिले.

खरं सांगते, मला बरंच वाटलं. पुस्तक वर होतं तोवर माझं बिंग झाकलेलं होतं. पण ती शेळी काही डोक्यातून जाईना.

खंडेनवमीला पुस्तक खाली आलं. पाटावर बसलं, हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला. मी हळूच हात पुढे केला.

"आज न्हाई," आई म्हणाली. "पूजेला मांडलेलं पुस्तक वाचत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी दसरा. आबा पूजा उतरवून पुन्हा पिशवी शोधायला लागले. म्हणजे पुस्तक वर्षातून एकदा खाली यायचं आणि नेमकं तेव्हाच वाचायचं नाही! माझा धीर सुटला.

"आबा, काल तुमी लेथला माळ घातली न्हवं?"

"घातली की."

"मग उद्या लेथबी पिशवीत घालून फळीवर ठिवणार?"

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आवं, द्या की आता उत्तर!"

"लय चुरूचुरू बोलाय लागली ही," असं म्हणत आबांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "घे. पर मोठ्यानं वाच. आमीबी ऐकतो."

हे काही मी मागितलं नव्हतं.

दोघं समोर मांडी घालून बसली. हे पुस्तक बाईंनी कधी वाचून दाखवलेलं नव्हतं. मी मान डोलवली, ओळीवरून बोट फिरवलं आणि चित्रं बघून गोष्ट ठोकून दिली. शेळीला दिसेना, डॉक्टरनं चष्मा दिला, शेळी सुखी झाली. आबा खूश. आई मात्र पानाकडे बघत होती. ती शाळेत एक दिवसही गेलेली नव्हती.

"मुंग्यांवानी एवढ्या वळी हायत, आन तुझी गोष्ट एवढ्यात सपली? परत म्हण बघू हितनं."

तिनं बोट ठेवलं तिथून मी परत सुरू केलं. या खेपेला डॉक्टरनं शेळीला छत्री दिली.

दिवसभर हळकुंडातून खराब तेवढं वेचून काढणारी बाई ती. "तुला वाचता येत न्हाई व्हय गं?"

मी भोकाड पसरलं. आबांचा चेहरा उतरला. "मग बक्षीस कशाचं दिलं?"

"पाठांतराचं," मी हुंदके देत म्हणाले. यावर त्यांनाही हसू आवरलं नाही.

"रडून झालं आसंल तर पयली वळ लाव," आई म्हणाली.

त्या दिवसापासून आई भाकरी थापायला बसली की मी चुलीपाशी एक पान लावायची. सुटी अक्षरं ओळखू यायची, पण ती जुळवून शब्द करताना दमछाक व्हायची आणि जोडाक्षरात तर घोडंच अडायचं. मग आबांना विचारायचं. बऱ्याचदा त्यांचंही तिथंच अडायचं. दोघं मिळून काहीतरी अंदाज करायचो आणि भाकरी उलटता उलटता आई निकाल द्यायची, "हे बसत न्हाई. शेळी आसं कशाला बोलंल?" आणि तिचंच बरोबर निघायचं. शाळेच्या पुस्तकातला धडा पाठ करून भागत होतं. इथं पुढं काय झालं हे कळायचं तर एकेक अक्षर ओढतच न्यावं लागे. मी ओढलं.

दिवाळीच्या आत शेवटचं पान आलं. शेळीच्या चष्म्याला काचाच नव्हत्या. बाजारात सगळ्यांनी आपल्याला शहाणी समजावं, म्हणून तिनं नुसती फ्रेम लावली होती.

"तुझीच भन दिसती," आई म्हणाली.

त्यानंतर मी शाळेच्या कपाटातली गोष्टींची सगळी पुस्तकं वाचली. शिकण्याबद्दल लोक मोठमोठं बोलतात. मी एवढंच सांगते, तिसरीत ते पुस्तक फळीवरच राहिलं असतं, तर मी सातवीपर्यंत मान डोलवत गेले असते आणि तिथंच थांबले असते.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजातून मी पदवी घेतली. प्रमाणपत्र आबांनी लॅमिनेट करून त्याच फळीवर ठेवलंय. त्यावर मी वाद घालत नाही, ते कुणाला वाचायचं नसतं. शेळीचं पुस्तक खाली माझ्या मुलीकडे असतं. कव्हर गेलंय, आणि पानापानावर आईच्या बोटांचे पिवळे ठसे आहेत.

आईच्या आणि आबांच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली.