म्हशीचा टोफू आणि रोडवरच्या खोलीची चाबी

आमच्या घरात किस्से मुद्दाम कोणी करत नाही. मोठी माणसं नुसती आपापल्या जागी बसलेली असली तरी ते साचत जातात. उन्हाळा संपल्यावर कूलरच्या टाकीत राहिलेलं पाणी साचून हिरवं होतं ना, तसे. मित्र म्हणतात, लिहून काढ. काढतो. घरचे वाचतील याची भीती नाही. आमच्याकडं वाचन म्हणजे सकाळी मोबाइलवर येणारा सुविचार, तोही न वाचताच पुढं ढकलतात.

तर मी पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलं. मास्तर पुस्तकातलं फळ्यावर उतरवायचे, आम्ही फळ्यावरचं वहीत, आणि परीक्षेत वहीतलं पेपरवर. एवढ्यासाठी देऊळघाटहून रोज बुलढाण्याला एसटीत उभं राहून जायचं, हे मला पटेना. घरी बसलो आणि मोबाइलवर बघून बघून कोरियन, जपानी, चिनी, जे जमेल ते रांधायला लागलो. आमच्या गावात पोरगा दारू पिऊन आलेला चालतो, दिवसभर झोपलेला चालतो. गॅससमोर उभा राहिलेला चालत नाही.

धाड रोडवर आमची एक टिनाची खोली आहे. तिच्यात फवारणीचा पंप आणि फाटक्या ताडपत्र्या राहतात. मला तिथं नूडल्सचं दुकान टाकायचं होतं. खोलीची चाबी बाबांच्या कमरेच्या करदोड्याला बांधलेली. आंघोळीलाही सुटत नाही. आणि बाबांच्या मनात वेगळंच होतं. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, यांचं खामगावला खत-औषधांचं दुकान आहे. मी तिथं गोण्या उचलाव्या आणि माणसात यावं, असा विचार.

खूप भांडण झालं. शेवटी बाबांनी अट घातली.

"घरातल्या एका तरी मोठ्या मानसानं तुह्या हातचं खाऊन आनखी मांगलं, तं चाबी तुही. आबाजींच्या पित्तरापर्यंत टाइम देतो. नाही तं गुपचूप खामगावले जायचं."

आबाजी म्हणजे बाबांचे वडील, आणि पित्तर म्हणजे पितृपक्षातलं त्यांचं श्राद्ध. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण अट त्यांच्याच घराण्यातली आहे. हयातीत त्यांनी कोणाच्याच हातचं दुसऱ्यांदा मागितलं नाही. भाजीत मीठ कमी लागलं की ताट अंगणात भिरकावायचे. लोक त्याला 'करारी स्वभाव' म्हणतात. मी ताट भिरकावलं असतं तर वेगळं काहीतरी म्हणाले असते.

*

पहिल्यांदा नूडल्स केल्या. मैद्यात अंडी फोडून, मळून, लाटून, कापून बाजेवर वाळत घातल्या. शेवयांचे दिवस होते, गावातल्या सगळ्याच बाजांवर काही ना काही वाळत होतं. त्यात आमचे जावई आले. जाताना लेकीच्या घरी काहीतरी द्यायचं म्हणून आईनं बाजेवरचं उचलून पिशवीत भरलं.

ताईच्या सासूबाई माळकरी. घरात कांदासुद्धा विचारून चिरतात.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन. आईनं स्पीकरवर टाकला.

"विहीनबाई, यंदा शेवया काय जमल्या हो तुमच्या! दुधात टाकल्या, गूळ टाकला, पातेलं पुसून खाल्लं सगळ्यायनं. आनखी असतील तं पाठवा."

आईला तोवर अंड्यांचा हिशेब लागलेला होता. ती फोन हातात धरून भिंतीकडं पाहत राहिली.

मी बाबांना म्हटलं, "मोठ्या मानसानं आनखी मांगलं. चाबी?"

"थे घर आपलं नाही," बाबा म्हणाले. "अन तू तोंड उघडलं तं पोरगी बॅग घेऊन घरी येईन."

ताईच्या सासूबाई अजूनही दरवर्षी त्या शेवयांची आठवण काढतात. यंदाच्या तशा नाही झाल्या, म्हणतात.

*

सोयाबीन आमच्या शेतात पिकतं, अख्ख्या जिल्ह्यात पिकतं, आणि खात कोणीच नाही. पोत्यात भरायचं, गाडीत टाकायचं, विकून मोकळं व्हायचं. जन्मभर सोयाबीन पिकवलेल्या माणसानं त्याचा एक दाणा उकडून तोंडात टाकलेला नसतो. मी पोत्यातून थोडं काढलं, भिजवलं, वाटलं, फडक्यातून गाळलं, दूध उकळून त्यात लिंबू पिळलं आणि दगडाखाली दाबून टोफू केला. लसूण-मिरची घालून परतला आणि बाबांच्या ताटात वाढला.

बाबा चक्क खात होते.

"पनीर बरं हाये. कोनाच्या म्हशीचं?"

"म्हशीचं नाही. सोयाबीनचं."

चावणं थांबलं. "आपल्या?"

"हाव."

बाबांनी घास एका गालात सारला. गिळायचा की थुंकायचा, हे ठरेपर्यंत तो तिथंच राहिला.

"सोयाबीन इकाचं असते बे," शेवटी ते म्हणाले. "आपूनच खाल्लं तं इकाचं काय?"

ताट सरकवून उठले. इथवर ठीक आहे. पण फडक्यात उरलेला चोथा मी म्हशीच्या घमेल्यात टाकला होता. म्हशीनं दुसऱ्या दिवशी दूध जास्त दिलं. बाबा सकाळी स्वतःहून माझ्याशी बोलायला आले. कॉलेज सोडल्यापासून हे पहिल्यांदाच.

"काल जे केलं होतं, थे रोज करत जाय."

मला भरूनच आलं. "टोफू?"

"चोथा. म्हशीले मानवला. थे पनीर तुह्यानं खानं होत असंन तं खाय, नाही तं फेकून दे."

महिनाभर मी रोज टोफू करत होतो, म्हशीसाठी. म्हैस घमेलं चाटूनपुसून माझ्याकडं मान वळवायची. मागणं स्पष्ट होतं. पण म्हैस 'घरातलं मोठं माणूस' यात बसत नाही, असा निकाल बाबांनी दिला.

*

मोठेबाबा बाटल्यांचे जाणकार. खामगावहून आले की आधी आमच्या घरातल्या बाटल्या तपासतात. एका रविवारी त्यांना माझी सोया सॉसची बाटली सापडली. त्यांनी ती हलवली, उजेडात धरली, एक थेंब तळहातावर घेतला, हुंगला.

"ह्युमिक हाये," ते म्हणाले. ह्युमिक म्हणजे मुळ्या वाढवायचं काळं औषध. "चांगल्या कंपनीचं दिसते."

"मोठेबाबा, थे सॉस हाये. खायाचं."

"तू मले शिकवून राह्यला? जिंदगी गेली माही बाटल्यांत."

परसात आईनं वांग्याची रोपं लावली होती. मोठेबाबांनी बाटली बादलीत ओतली, पाणी घातलं आणि प्रत्येक रोपाला मायेनं तांब्या-तांब्या पाजलं. रोपं दोन दिवसांत झोपली. पुढच्या रविवारी ते आले, कमरेवर हात ठेवून वाफ्याकडं बघत राहिले. आई, बाबा, मी, सगळे मागं उभे.

"डोस कमी पडला," मोठेबाबा म्हणाले.

या माणसाच्या हाताखाली मी शिकून मोठा होणार होतो.

*

आमच्याकडं लोणचं बिघडलं की मीठ कमी होतं का, बरणी ओली होती का, हे कोणी विचारत नाही. कोणत्या बाईचा हात लागला, हे विचारतात.

मी पत्ताकोबीची किमची, म्हणजे कोरियन लोणचं, घातली होती. मीठ, लाल तिखट, लसूण, आलं, सगळं चोळून बरणीत दाबलेलं. ती आंबट व्हावी, तिला फेस यावा, म्हणूनच घालतात. मोठेबाबांची बायको, म्हणजे आमची मोठीआई, हिनं झाकण उघडलं. आतून फुस्स झालं. ती एक पाऊल मागं सरकली आणि आईला हळूच म्हणाली,

"कोनाचा हात लागला वं बरनीले?"

आई म्हणाली, "कोनाचाच नाही. विक्याचा."

"माहाच," मी म्हटलं. "रोज लागते."

मोठीआई विचारात पडली. नियम तिला तोंडपाठ होता, पण त्यात मी कुठंच बसत नव्हतो. दुसरा कोणी असता तर नियम सोडला असता. तिनं मला त्यात बसवलं.

"मंग तू चार दिवस बरनीले शिवू नको."

आणि घर हे पाळायला लागलं! मी फळीकडं हात केला की बाबा बाहेरच्या ओट्यावरून खाकरायचे. पाणी प्यायला आत गेलो तरी "बाजूनं जाय" ऐकू यायचं. आई पदर तोंडाला लावून भांडी घासत होती, खांदे हलत होते.

"कसं वाटते रे चार दिवस?" तिनं विचारलं.

मी भांडी विसळायला बसलो. बोलण्यासारखं तिच्याकडं माझ्यापेक्षा जास्त होतं.

खरी गंमत पुढं आहे. किमचीला रोज उघडून डिवचायची नसते, गप ठेवायची असते, हे मला माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी बरणी उघडली तर अशी जमली होती की विचारू नका. मोठीआईनं नुसता वास घेतला.

"पाह्यलं?" ती म्हणाली. चाखली मात्र नाही.

*

हा किस्सा लहान आहे. मी बांबूच्या चॉपस्टिक्स तासल्या होत्या, घासून गुळगुळीत केल्या होत्या. त्या हरवल्या आणि टमाट्याच्या वाफ्यात सापडल्या. बाबांनी रोपांना आधार दिला होता.

"बाबा, त्या जेवायच्या काड्या हायेत. दोन काड्यायनं जेवतात तिकडं."

बाबांनी काड्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मंग भाकर कशी मोडतात?"



*

असं करत पितृपक्ष आला आणि आबाजींचं पित्तर. माझी बॅग भरून ओट्यावर ठेवलेली. जेवणं झाली की मोठेबाबा मला गाडीत घालून खामगावला नेणार होते. त्या दिवशी गॅसजवळ जायची मला बंदी, म्हणून सगळे उठायच्या आत मी भात लावला होता. इकडचा तांदूळ चिकटत नाही, म्हणून जरा जास्तच शिजवला, त्याचे गोळे वळले, पोटात किमची भरली, वरून काळे तीळ लावले. जपानी लोक प्रवासात नेतात तसे. डबा बॅगेवर ठेवला.

आबाजींचा घास ओट्यावरच्या टिनाच्या छपरावर ठेवायचा असतो. पानावर कढी, वडे, खीर, भाजी, सगळं साग्रसंगीत. कावळा शिवला की घरच्यांनी जेवायचं, तोवर कोणीच नाही.

कावळा आला. पानाकडं पाहिलं आणि पाठ करून बसला.

दुपार सरली. मोठेबाबांची शुगर उतरायला लागली. अशा वेळी गेलेल्या माणसाला शब्द द्यायची रीत आहे. त्याचं काही मनात राहिलं असेल ते पुरं करतो, असं मोठ्यानं सांगायचं. आई टिनाकडं बघून म्हणाली, "आबाजी, मीठ बराबर हाये हो." कावळा हलला नाही. बाबा म्हणाले, "आबाजी, वावराच्या धुऱ्यावरचं बाभूळ तोडत नाही मी." कावळा हलला नाही. मग मोठेबाबा भिंतीला धरून उठले.

"आबाजी, विक्याची काळजी नका करू. मी त्याले दुकानात लावून देतो."

कावळा उडाला आणि शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला.

मला सकाळपासून भूक लागलेली. मी डबा उघडला.

"ठेव थे," बाबा म्हणाले. "आधी आबाजी खातील."

माझं डोकंच फिरलं. "जित्तेपनी त्याईले काही आवडलं का, जे आता आवडंन? घ्या म्हना हे बी!" म्हटलं आणि एक गोळा उचलून टिनावर भिरकावला. रीत आमच्याच घरची आहे.

गोळा टिनावर आदळला, घरंगळला आणि पानाजवळ थांबला. टाकीवरचा कावळा सरळ त्याच्यावर आला. चोच मारली. लाल किमची बाहेर आली. तो थांबला, मान वाकडी केली आणि मग सगळा गोळा खाल्ला, तिळासकट. कढी-वड्याकडं त्यानं पाहिलंही नाही.

"त्याच्यात लसून हाये ना रे?" मोठीआई पुटपुटली.

"चूप राय वं," मोठेबाबा म्हणाले.

कावळा उड्या मारत टिनाच्या कडेला आला. माझ्या हातातल्या डब्याकडं पाहिलं. काव केलं. थोडं थांबून पुन्हा केलं.

 बाबांनी शर्ट वर केला आणि करदोड्याची गाठ सोडायला लागले. जुनी गाठ, बोटांनी सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. चाबी माझ्या बॅगेवर ठेवली. नजर वरच होती.

"टाक आनखी एक," ते म्हणाले. "जन्मात दुसऱ्यांदा मांगलं नोतं त्याईनं."