खडूने आखलेली खोली

आईला जिना चढवेना, म्हणून तळमजल्यावरच्या हॉलमधून तिच्यासाठी खोली काढायचं ठरलं. मी फरशीवर खडूने भिंत आखली. बायको म्हणाली, "मग जेवणाचं टेबल कुठे ठेवायचं?" मी भिंत पुसून सरकवली. लेक म्हणाली, "आणि सोफा?" पुन्हा पुसून आखली. शेवटी वैतागून मी खडू टाकून दिला. एकत्र राहता यावं म्हणून माणसं घर बांधतात, आणि आखायला बसलं की प्रत्येकाला आधी आपला कोपरा आठवतो.

आई मात्र खुर्ची ओढून त्या चौकोनात जाऊन बसली होती.

"आवडली का खोली?" मी जरा चिडूनच विचारलं.

"छान आहे रे. पण दार लावल्यावर तुमचं बोलणं मला ऐकू येईल ना?"