गिरजाबाईंच्या थाळीचा भाव

नावडे गावातून तळोज्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या दुकानामागे, गिरजाबाईंची खानावळ आहे. नावाची पाटी नाही. पत्र्याची पडवी, चार बाकं, आत ओटा आणि दाराशेजारच्या भिंतीवर खडूने लिहिलेला थाळीचा भाव. मी तिकडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होतो, तेव्हा दोन वर्षं त्यांच्याकडे महिन्याचा मेंबर होतो. तेव्हा थाळी पस्तीस रुपये होती. पुढे नोकरी बदलली, सानपाड्याला राहायला गेलो, पण तळोज्यात काम निघालं की जेवायला अजून तिथेच जातो. त्यामुळे पुढचं काही माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे आणि काही गिरजाबाईंनी भांडी आवरता आवरता सांगितलेलं.

गिरजाबाई मूळच्या खेडकडच्या. नवरा गंगाराम कारखान्यात कंत्राटी कामगार होता, त्याच्याबरोबर त्या इथे आल्या. घरात दोन माणसांचं करायचं तिथे गंगारामच्या चार सोबत्यांचं करू लागल्या, आणि त्यातूनच एकोणीसशे नव्व्याण्णव साली खानावळ उभी राहिली. चार चपात्या, डाळ, भात, एक भाजी, पापड. पंधरा रुपये. पाच वर्षांनी गंगाराम काविळीने गेला. मुलगा सुगत तेव्हा शाळेत होता. तो आता जासईच्या कंटेनर यार्डात आहे, लग्न झालंय, सून शर्मिला खारघरच्या एका लॅबमध्ये दुपारच्या अर्धवेळ रिसेप्शनला बसते. खानावळ तशीच चालू आहे. बंद करायचं म्हटलं तर घर सुगतच्या एका पगारावर आणि सुनेच्या अर्ध्या पगारावर चालत नाही.

भाव वाढवणं हे त्यांना आयुष्यभर जड गेलेलं काम. एकदम कधीच वाढवत नाहीत. तेल महागलं की आधी चपाती जरा लहान होते. मग डाळीत एक तांब्या पाणी जास्त पडतं. मग पापड जातो. पापड गेला की मेंबर बोलायला लागतात, आणि तेव्हा कुठे त्या जुना आकडा पुसतात. भाव वाढला की पापड परत येतो, चपाती मोठी होते आणि वर्षभराने पुन्हा लहान व्हायला लागते. मी दोन वर्षांत हे एकदा पुरतं पाहिलं. त्यांनी पंचवीस वर्षं पाहिलंय.

बाबासो त्यांचे सगळ्यात जुने मेंबर. कवठेमहांकाळचे. एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. दोन हजार आठ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांना महिना अठराशे पन्नास रुपये पेन्शन बसलं. फंडाचे पैसे बँकेत ठेवले, त्याच्या व्याजातून गावठाणातल्या खोलीचं भाडं जायचं, आणि पेन्शनमधून दोन्ही वेळचं जेवण. तेव्हा थाळी पंचवीस होती. जेवून वर चहा-पेपरला पैसे उरायचे. "माझं आता कुणाकडे काही मागणं नाही," असं ते तेव्हा म्हणायचे, हे गिरजाबाईंना अजून आठवतं.

पेन्शन आजही अठराशे पन्नासच आहे.

पहिली काही वर्षं काही वाटलं नाही. मग रात्रीचं जेवण सुटलं. "वयाला एक वेळ पुरे," म्हणाले. थाळी साठवर गेली तेव्हा पेन्शनमध्ये बरोबर एक वेळचं जेवण बसत होतं. इकडे बँकेचं व्याज उतरत गेलं आणि खोलीचं भाडं चढत गेलं, तेव्हा मुद्दलाला हात लागला. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मग लॉकडाउन आलं. कारखाने थांबले, मेंबर गावाकडे निघून गेले. भाजीवाला दारात येऊन टोमॅटो दहा रुपयांना दोन किलो देत होता, तरी घेणारं कुणी नव्हतं. गिरजाबाईंच्या घरमालकाने आपणहून भाडं कमी केलं, कारण आजूबाजूच्या खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. गिरजाबाईंनी थाळी साठवरून पन्नास केली, मग पंचेचाळीस केली. जेवायला येणारी माणसं चार. सुगतला अर्धा पगार. स्वस्ताई आली होती, पण ज्यांच्यासाठी यायला हवी होती त्यांच्या खिशात काहीच नव्हतं. स्वस्तात घेतलेले टोमॅटो त्यांनी दोनदा उकिरड्यावर टाकले.

त्या दिवसांत एकट्या बाबासोंचं बरं चाललं होतं. पेन्शन ठरल्या तारखेला यायचं आणि पंचेचाळीसच्या भावाने त्यात एकेचाळीस थाळ्या बसायच्या. ते अधूनमधून संध्याकाळीही जेवायला लागले. "बाई, न मागता पेन्शन वाढलं बघा," असं म्हणून हसले आणि लगेच गप्प झाले, कारण समोरची बाकं रिकामी होती. सिलिंडर आणायला गिरजाबाईंकडे पैसे नव्हते तेव्हा त्यांनी दोन महिन्यांचे पैसे आगाऊ आणून दिले.

माणसं परत आली आणि भावही परत आले, पण आधीच्या जागी थांबले नाहीत. तेल, सिलिंडर, तूरडाळ. साठाची थाळी सत्तर, ऐंशी, नव्वद झाली. नव्वदवर बाबासो दर तिसऱ्या दिवशी येईनासे झाले. एखाद्या दिवशी जेवला नाही तर त्याला खानावळीत खाडा म्हणतात, त्याचे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा होतात. बाबासोंचे खाडे वाढत चालले होते. विचारलं की म्हणायचे, "पोटाचं पथ्य चाललंय."

गिरजाबाईंनी ते खरं मानलं. मग एका रविवारी शर्मिला घरी असल्यामुळे तिला ओट्याशी उभं करून त्या किराण्याला गेल्या. दुपारचा एक वाजला होता. नावडे फाट्यावरच्या टपरीवर बाबासो उभे होते, हातात चहाचा ग्लास आणि बिस्किटांचा पुडा. बिस्कीट बुडवून खात होते. घाईने नाही, जेवणाला बसल्यासारखे सावकाश.

"भाऊ, पथ्य चाललंय ना तुमचं?"

"चहा-बिस्कीट पथ्यातच येतं."

"कुठल्या डॉक्टरच्या?"

बाबासोंनी पुडा दुमडून खिशात घातला. "गिरजाबाई, निवृत्त झालो तेव्हा माझ्या पेन्शनमध्ये तुमच्या चौऱ्याहत्तर थाळ्या यायच्या. आता वीस येतात. महिन्याचे दिवस तीस. उरलेल्या दहा दिवसांना मी पथ्य म्हणतो."

गिरजाबाई मग म्हणाल्या, "तुम्ही पंचवीसच द्या. जुना भाव."

"थाळी तुम्हाला कितीला पडते?"

"पडत असेल कितीलाही."

"पंच्याहत्तरच्या खाली पडत नाही. म्हणजे रोज पन्नास रुपये तुम्ही पदरचे घालणार. ते कुठून आणणार?"

"माणसाने सारखा हिशेबच करावा का हो?" गिरजाबाई चिडल्या.

"तीस वर्षं स्टोअरमध्ये काढली. दुसरं काही येत नाही मला." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "एका खानावळीत दोन भाव करू नका. उद्या सगळेच मागतील."

त्यानंतर चौदा महिने गिरजाबाईंनी भाव वाढवला नाही. चपाती इतकी लहान झाली की मेंबर सहा मागायला लागले. शेवटी घरमालक नामदेव येऊन बाकावर बसले. ते गावचेच, कारखान्यांत जमिनी गेल्यावर चाळ बांधून भाडं खाणारे. सात हजारांचं भाडं साडेआठ करायचं म्हणत होते.

"दादा, एकदम दीड हजार?"

"बाय, मी तरी काय करू? माझा पन खर्च हाय. बापाला जमिनीचं पैसं मिलालं तवा त्याला वाटला, आता सात पिढ्या बसून खातील. त्या पैशान दोन लग्ना झाली. आज तेवढ्यान मंडप पन नाय होत." ते उठले आणि जाता जाता म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून दे. या महिन्यात ऱ्हाऊ दे."

शर्मिलाने आकडेमोड केली. "आई, शंभर करा. राउंड फिगर आहे, सुट्ट्यांचं टेन्शन नाही."

"शंभर केले तर भाऊ यायचे बंद होतील."

"मला पण काकांचं वाईट वाटतं. पण तुम्ही पहाटे चारला उठता आणि महिन्याला हातात काय उरतं? गेल्या महिन्यात गॅसचे पैसे मी दिले."

ते खरंच होतं. सोमवारी भिंतीवर शंभर लिहिलं गेलं. पहिला नंदकिशोर बोलला. तो जालन्याचा, कंत्राटावर पॅकिंगला, दिवसाच्या हजेरीवर. "बाई, एकदम दहा रुपये? आमची हजेरी दोन वर्षांपासून आहे तेवढीच आहे." दुसऱ्या एकाने अर्धी थाळी मिळेल का विचारलं. गिरजाबाई वाढत राहिल्या. बाबासोंनी दारातूनच भिंतीकडे पाहिलं, त्या दिवशी जेवले, शंभराची नोट दिली आणि गेले.

मग आठ दिवस आले नाहीत.

नवव्या दिवशी दुपारची गर्दी ओसरल्यावर गिरजाबाई डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेल्या. बाबासो आजारी नव्हते. खाटेवर बसून पेपर वाचत होते. स्टोव्हजवळ पातेल्यात भात होता, शेजारी लोणच्याची बाटली.

"शंभरने अठरा येतात," ते म्हणाले. "म्हटलं भाताची सवय करून घ्यावी."

गिरजाबाई उंबऱ्यावर बसल्या. डबा पुढे केला तर ते घेणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. रागवायला अंगात ताकद नव्हती. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, मला लसूण सोलायला, भाजी निवडायला माणूस पाहिजे. माझी बोटं आता भाजल्यासारखी होतात."

"पगार किती?"

"रोज दोन थाळ्या."

"पैशात सांगा."

"पैशात नाही सांगायची. पैशात सांगितला तर दोन वर्षांनी तुम्हीच म्हणाल, पगार लहान झाला. थाळीतच धरा. भाव दीडशे होऊ दे, नाहीतर दोनशे. तुमची थाळी तेवढीच राहील."

बाबासोंनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "युनियनमध्ये होतो मी. करारासाठी तीनदा गेटवर बसलो. आम्ही दर वेळी रुपयेच मागितले." मग म्हणाले, "दोन जास्त होतात. दीड तासाच्या कामाला एकच. आणि आठवड्याला एक सुट्टी."

"सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीच्या दिवशी पेन्शनमधून जेवीन. शंभर देऊन."

असं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून बाबासो सकाळी नऊला येऊन पडवीत बसू लागले. हे मी स्वतः पाहिलं. पंचाहत्तरीचा माणूस, नखं कमकुवत, डोळ्यांना नीट दिसत नाही. दीड तासाचं काम तीन तास चालतं. मेथीत काड्या राहतात, त्या शर्मिला कामावर जाण्याआधी गुपचूप काढते. एकदा कोबी चिरताना त्यांचं बोट कापलं, तेव्हापासून सुरी देत नाहीत. पण रोज जेवतात. गालफडं जरा भरली आहेत. पेन्शनमधून आता निम्मं भाडं जातं, मुद्दल जरा कमी वेगाने संपतंय.

"बरं केलंत तुम्ही," मी गिरजाबाईंना म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. "कसलं बरं? म्हाताऱ्या माणसाला कामाला लावलं. लसूण सोलून होतो, त्यांचं पोट भरतं, आणि आम्ही दोघंही दमतो. एवढंच झालंय."

मागच्या महिन्यात मी जेवायला बसलो होतो तेव्हा नंदकिशोर मोबाइल नाचवत आला. "बाई, महागाई कमी झाली! बातमी आहे. आता थाळी नव्वद करा."

गिरजाबाईंनी बाबासोंकडे पाहिलं. ते परातीतला लसूण बाजूला सारून म्हणाले, "महागाई कमी झाली म्हणजे भाव उतरले नाहीत रे. चढायचा वेग कमी झाला. शंभराचे आता एकशे सात व्हायच्या ऐवजी एकशे दोन होतील."

"म्हणजे खाली येणारच नाहीत?"

"एखाद्या भाजीचे येतील, आठवडाभर. सगळ्याचेच आले तर समज, गिऱ्हाईक उरलेलं नाही. लॉकडाउनमध्ये तू पाहिलंयस ते. तेव्हा तू चालत जालन्याला निघाला होतास."

नंदकिशोर मोबाइल खिशात घालून पाणी प्यायला आणि ताटाशी बसला. त्याची हजेरी अजून वाढलेली नव्हती. त्याने भात दोनदा मागून घेतला, आणि गिरजाबाईंनी तो वाढला.

सगळे गेल्यावर बाबासो भिंतीला टेकून बसल्या जागी झोपले. मी हात धुऊन पैसे देत होतो, तेवढ्यात शर्मिलाचा फोन आला. दिवाळीपासून एकशे दहा करावे लागतील, ती सांगत होती, तेलाचा डबा पुन्हा वाढलाय.

"बघू," गिरजाबाई म्हणाल्या. फोन ठेवला, परात पुढे ओढली आणि संध्याकाळच्या चौतीस माणसांची कणीक मळायला घेतली.